बाहेरच्या खोलीचा मेन

३ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आज अकरा दिवस झाले आणि उत्तर आता लिहितोय, म्हणून आधी कान धरतो. उशीर आळसाने झाला नाही. रोज वाटायचं, आज कॉम्प्युटर ताळ्यावर येईल आणि उद्या तुला सुखाने दोन ओळी लिहीन. तो काही ताळ्यावर येत नाही. अठ्ठावीस तारीख माझ्यासाठी थांबणार नाही, तेव्हा आता लाज गुंडाळून ठेवून लिहितो.

तुझं पत्र आधी मनात वाचलं, मग तुझ्या आजीला मोठ्याने वाचून दाखवलं, मग पुन्हा मनात. अठ्ठावीसला सकाळी अकरा वाजता शेवटचा सुरुंग! मधली भिंत पडणार आणि तुमचा बोगदा पलीकडून येऊन आमच्या जुन्या बोगद्याला भेटणार! पोरी, बेचाळीस वर्षं तो डोंगर माझ्या छातीवर बसलाय. तिथे मी सुरुंग भरत होतो तेव्हा तुझा बाप दुसरीत होता. एक दिवस आत पाणी फुटलं, काम थांबलं, तोंड बुजवून टाकलं आणि मोजणीसाहेबांनी त्यांच्या वहीत लिहून ठेवलं की सुरुंगवाल्याच्या हलगर्जीपणाने बोगदा पाच फूट डावीकडे वाकडा गेला. तो सुरुंगवाला मी. त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि सगळे मला पाच फूट म्हणू लागले. आजही न्हाव्याच्या दुकानात शिरलो की तो म्हणतो, या पाच फूट, बसा. हे तुला लहानपणापासून पाठ आहे, तरी हात लिहून गेला.

तू लिहिलंस की लांब गज घालून पाहताना पलीकडची पोकळी नेमकी कुठे आहे ते तुला कळलंय, आणि विचारलंस, सांगू का? नको! मुळीच सांगू नकोस. तू माझी नात. पाच फूट असलं तर दोन सांगशील आणि दोन असलं तर काहीच नाही म्हणशील. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय.

आणि आनंदाच्या भरात मी एक घोळ करून ठेवलाय. पत्र खिशात घालून तडक मोजणीसाहेबांच्या घरी गेलो. शहाऐंशी वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, पण नजर तीच, माणसाला फूटपट्टी लावणारी. त्यांना म्हटलं, अठ्ठावीसला आमच्या घरी या, तुमचे पाच फूट कॉम्प्युटरवर बघू. ते म्हणाले, येतो, आणि येताना वही घेऊन येतो. मग पंपवाल्याला सांगितलं, गाडेवाल्याला सांगितलं. बोगद्यावरच्या आमच्या टोळीतले एवढेच उरलेत. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती. दारात चपला काढताना लक्षात आलं की कॉम्प्युटर चालला नाही तर बेचाळीस वर्षांनी मी परत त्याच माणसासमोर मान खाली घालून उभा राहणार.

आता दुखणं सांगतो. तुझ्या पत्राबरोबर आलेल्या कंपनीच्या कागदात लिहिलंय की सुरुंगाचं थेट चित्र घरी दिसायला नवा प्रोग्राम हवा, आणि नवा प्रोग्राम बसायला आधी सगळा कॉम्प्युटर अपडेट हवा. मी बटण दाबलं. गोल फिरायला लागलं, आकडा चढायला लागला. संध्याकाळपर्यंत एकतीस टक्के. सकाळी जाऊन बघतो तर काळा पडदा, मग एक ओळ, की अपडेट पूर्ण झालं नाही, सगळं पूर्वीसारखं करत आहोत. आकडा शून्य. दिवसभर आत खणत राहावं आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर बोगदा जसाच्या तसा दगडाने भरलेला, असं झालं. अकरा दिवसांत सात वेळा.

स्क्रीनवर लिहिलेलं असतं की संगणक बंद करू नका. मी बंद केलेला नाही. चौथीपर्यंतच शिकलो असलो तरी एवढं वाचता येतं. त्याच्या बटणावर मी कागद चिकटवलाय आणि त्यावर 'हात लावू नये' असं लिहिलंय. तुझ्या आजीला फडकंसुद्धा मारू देत नाही. आणि दर वेळी बिघडलं की आपला नियम पाळतो. न उडालेल्या सुरुंगाजवळ तासभर कोणी फिरकायचं नाही. ही म्हणते, तो काय अंगावर उडणार आहे का? मी म्हटलं, उडत नाही असं वाटतं तोच उडतो.

कॉम्प्युटरवाल्यालाही आणलं होतं. त्याने उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाला, आजोबा, ह्याला आता निवृत्त करा. मी म्हटलं, निवृत्त मीही झालोय, मला टाकलंय का कोणी? तो हसत निघून गेला.

तेव्हा तूच नव्या गड्याला सांगावं तसं पायरी पायरीने लिही. सुरुंगाच्या आवारात फोन नेऊ देत नाहीत ते बरोबरच आहे. आणि फोन असता तरी काय, माझे कान त्या डोंगराने कधीच ठेवून घेतले, समोर उभं राहून कोणी मोठ्याने बोललं तरच कळतं. आपलं कागदावरच बरं. माझे आशीर्वाद आहेतच, त्यांना अपडेट लागत नाही.

तुझा काळजीने अर्धा झालेला
आजोबा


७ मार्च

ती. आजोबांना आणि आजीला सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भाजीच्या ट्रकमधून आलं. पाकिटाला कांद्याचा वास होता आणि आत एवढी काळजी की मला वाटलं ट्रकचं वजन त्यानेच वाढलं असेल. आजोबा, शांत व्हा. कॉम्प्युटर मेलेला नाही. आकडा एकतीसपर्यंत चढतो म्हणजे त्याच्या अंगात दम आहे. मधेच कशाने तरी अडतो, एवढंच.

इथे नुसती धमाल चाललीय. दर दिवशी एक मीटर पुढे. सकाळी आत जाताना गाडीवाले मला विचारतात, काय मॅडम, आजोबांची भिंत आज किती राहिली? सगळ्यांना माहीत आहे. माझ्या हेल्मेटवर मी खडूने उरलेले मीटर लिहिते आणि रोज पुसते.

मोजणीसाहेबांना बोलावलंत ते उत्तम केलंत. जरूर बोलवा. हातांची खुर्ची द्या त्यांना, आणि पुढच्या रांगेत. सांगू नको म्हणालात म्हणून ह्यापुढे एक अक्षर लिहीत नाही, पण हे लिहिताना मी हसतेय की रडतेय ते तुम्ही ओळखू नका.

आता कामाचं. आधी जागा करा. माझे लहानपणीचे फोटो तुम्ही एकेक चार-चार वेळा ठेवलेत, मी मागच्या खेपेला पाहिलंय. एकेक ठेवा, बाकीचे काढून टाका. दात पडलेला फोटो तर सगळेच काढा. मग प्रिंटरची वायर उपटा. कॉम्प्युटरला वीज, इंटरनेट, माऊस आणि कीबोर्ड सोडून दुसरं काही जोडलेलं नको. मग दुपारचं जेवण झालं की अपडेट लावा आणि विसरून जा. मशीन जुनं आहे, आपली लाईन मंद आहे, त्याला बारा-तेरा तास सहज लागतील. सकाळपर्यंत त्याच्याकडे बघू नका.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे वीज जाते का मधेच? गेली तर ते अडणारच. आजीला विचारून कळवा, तिच्या फ्रिजला बरोबर कळतं.

आजोबा, एकवीस दिवस आहेत. तुम्ही काळ्या दगडातून वाट काढलीत, हा तर डबा आहे.

उत्तराची वाट बघत, तुमच्याच शाळेतली
ठिणगी


१२ मार्च

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस ते सगळं केलं. फोटो काढले. दात पडलेला एक ठेवलाय, त्याबाबतीत तुझं ऐकणार नाही. प्रिंटरची वायर काढली, तिला चिठ्ठी बांधून खिळ्याला अडकवली, म्हणजे नंतर कुठली कुठे ते कळेल. जेवण झाल्यावर अपडेट लावलं. संध्याकाळी अडतीस टक्के! मी हिला म्हटलं, सात टक्के जास्त, ठिणगीचा हात लागला बघ. सकाळी पुन्हा तीच ओळ. पूर्वीसारखं करत आहोत.

दुसऱ्या दिवशी परत लावलं, परत तेच. तिसऱ्या दिवशी मी त्याला सरळ विनंती केली. हसू नकोस. माणूस दगडाशी बोलतो तर ह्याच्याशी का नाही?

वीज गेलेली नाही. हिच्या फ्रिजमधला बर्फ अख्खा आहे, घड्याळ बरोबर चाललंय. म्हणजे तेही कारण नाही. बटणाला कोणी हात लावलेला नाही, कागद जसाच्या तसा आहे. मग राहिलं काय? मला वाटायला लागलंय की दोष माझ्यातच आहे. मी हात लावतो ते वाकडं जातं.

काल बाजारात मोजणीसाहेब भेटले. त्यांनी विचारलं, तयारी कुठवर? मी म्हटलं, जय्यत. खोटं बोललो. ते म्हणाले की वही त्यांनी पेटीतून काढून उन्हात ठेवलीय, पानं चिकटली होती. पंपवाला तर नवा शर्ट शिवतोय. कसला शर्ट नि कसलं काय.

तुला दुसरं काही सुचत असेल तर लिही. नाहीतर मी त्या दिवशी आजारी पडेन, तशी तयारीही आहे, गुडघा दुखतोच आहे.

तुझा हतबल
आजोबा

ता. क. – ठिणगे, खाली जागा उरलीय म्हणून मी आजी लिहिते. ह्यांचं काही मनावर घेऊ नको. दिवसभर त्या गोल गोल फिरणाऱ्याकडे बघत बसतात, मान दुखते मग मला तेल मागतात. त्यातल्या त्यात बरं एवढंच की सहा वाजले की आपोआप उठतात. कामावर होते तसंच अजून, सहाला शिफ्ट सुटली की बाहेरच्या खोलीचा मेन खाली ओढायचा, पेटीला कुलूप घालायचं, किल्ली खिशात, मगच जेवायला यायचं. त्या खोलीत पूर्वी ह्यांचं धार लावायचं यंत्र होतं ना, म्हणून तिथला मेन वेगळा आहे. तो वेगळा आहे म्हणून माझा फ्रिज तरी वाचतो. नाहीतर हा माणूस जेवायलासुद्धा उठला नसता. तू जेवतेस ना वेळेवर? – आजी


१६ मार्च

ती. आजोबा, सा. न. आणि आजी, तुला तर दंडवत!

आजी, तुझी ता. क. मी जेवणाच्या तंबूत उभी राहून वाचली आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की स्वयंपाक्याच्या हातातला झारा पडला. सापडलं! सापडलं! सापडलं!

आजोबा, आता खुर्चीवर बसा आणि हे सावकाश वाचा. तुम्ही कॉम्प्युटरच्या बटणाला हात लावला नाहीत, ते शंभर टक्के खरं. पण तो श्वास घेतो बाहेरच्या खोलीच्या मेनमधून. रोज सहाच्या ठोक्याला तुम्ही मेन पाडता, तो अर्ध्या कामात मान टाकतो आणि सकाळी मेन वर केलात की बिचारा आधी कालची पडझड आवरत बसतो. पूर्वीसारखं करत आहोत म्हणजे तेच. घरात वीज होती, फक्त त्याच्याकडे नव्हती.

मला आधीच कळायला हवं होतं, कारण इथे मी तेच करते. सहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला त्या पेटीसमोर उभं करून शिकवलंत की तारेत वीज ठेवून जो घरी जातो तो सुरुंगवाला नव्हे. मीही शिफ्ट संपली की मेन पाडते आणि किल्ली खिशात घालते. पोरं मला हसतात, हसू देत. म्हणून मी तुम्हाला मेन चालू ठेवून झोपा असं सांगणारच नाही. सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही आणि रात्रभर गुडघ्याला तेल चोळत बसाल.

तर असं करा. सकाळी सहाला मेन वर, लगेच अपडेट सुरू. दिवसाची पूर्ण शिफ्ट धरा. मधे दोन-तीनदा पडदा काळा होईल, कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन आपणहून सुरू होईल. घाबरायचं नाही, तासभर बाहेर पळायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. बहुतेक सहापर्यंत होईल. झालं नाही तर? शिफ्ट लांबली की काय करायचं ते तुम्हीच मला शिकवलंय, मी तुम्हाला काय सांगू.

हेल्मेटवरचा आकडा आता बारावर आलाय!

लगेच लिहा, मी ट्रकच्या वाटेवरच उभी आहे.
ठिणगी


२१ मार्च

चि. ठिणगीस अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत जाऊन त्या कॉम्प्युटरची माफी मागितली. बटणाला हात लावला नाही असं छातीठोकपणे लिहिलं होतं मी! आणि रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने त्याचा गळा दाबत होतो. ही इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, चोर घरातच होता आणि पहाराही तोच देत होता.

काल सकाळी पावणेसहाला अंघोळ करून, कामावर जायचा जुना खाकी शर्ट घालून बसलो. सहाला मेन वर केला, किल्ली खिशात घातली, अपडेट लावलं. आठ वाजता बारा टक्के. मी वहीच्या पाठीमागे वेळ आणि आकडा लिहीत गेलो. अकराला तीस. जेवण खोलीतच घेतलं. बाराला अडतीस, तू विश्वास ठेव, अडतीसपुढे तो जातो की नाही ह्या विचाराने मी घास हातातच धरून बसलो होतो. एकोणचाळीस झाले तेव्हा हिला हाक मारली, ती पीठ लागलेल्या हाताने धावत आली. आम्ही दोघं एका आकड्याकडे बघत उभे. लग्नातसुद्धा एवढं कशाकडे बघितलं नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी पडदा काळा झाला. तू लिहिलं होतंस तरी माझे पाय दाराकडे वळले. हिने खांद्याला धरून परत बसवलं. चार मिनिटांनी उजेड आला. मी घड्याळ लावून पाहिलं.

आणि मग सहा वाजले. आकडा त्र्याऐंशी.

ठिणगे, हात आपोआप उठतो. मेनच्या पेटीसमोर कधी जाऊन उभा राहिलो ते मला कळलंही नाही. एका विसरलेल्या मेनपायी माझ्या जोडीदाराचा डोळा गेला ते मी पाहिलंय. तेव्हापासून एक दिवस चुकलेलो नाही. पडद्यावर त्र्याऐंशी, खिशात किल्ली, आणि डोक्यात तो जोडीदार. तेवढ्यात ही दारात आली आणि तुझ्या पत्रातली ओळ तिने म्हणून दाखवली, शिफ्ट लांबली की काय करायचं?

शिफ्ट लांबली की मेन पाडत नाहीत. शिफ्ट सोपवतात. किल्ली पुढच्या माणसाच्या हातात द्यायची, काय चालू आहे ते तोंडाने सांगायचं, त्याने ते परत म्हणून दाखवायचं, मगच आपण निघायचं. हजारदा केलंय मी. पण सोपवायला घरात माणूस आहे हे मला संसाराच्या बावन्न वर्षांत सुचलं नव्हतं.

मी किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. म्हटलं, तारेत वीज आहे, आकडा त्र्याऐंशी, आत कोणी नाही. तिने तस्संच्या तसं म्हणून दाखवलं, वर मला विचारलं की सुट्टी कोण देणार, साहेब की ती? मग विणकाम घेऊन माझ्या खुर्चीवर बसली. मी जेवायला गेलो. काय जेवलो ते विचारू नकोस.

साडेसातनंतर केव्हातरी माझ्या ताटाजवळ किल्ली येऊन पडली. मान वर केली तर ही समोर उभी, तोंडावर पदर धरून. मी म्हटलं, मेन पाडलास? ती नाही म्हणाली, आणि मला हाताला धरून घेऊन गेली. पडद्यावर लिहिलं होतं, स्वागत आहे.

मग आम्ही नवा प्रोग्राम बसवला, तुमच्या कंपनीचा दुवा दाबला, आणि चित्र आलं! एक तंबू, एक दिव्याचा खांब आणि दोरीवर वाळत घातलेले दोन ओले मोजे. वाऱ्याने हलत होते! कुठे तुम्ही, कुठे आम्ही, आणि मोजे हलताना दिसतायत! मी मेन माझ्या हाताने पाडला तेव्हा आठ वाजले होते. आयुष्यात पहिल्यांदा दोन तास उशिरा, आणि काही पेटलं नाही.

पुढच्या पत्राकडे डोळे लावून बसलेला
तुझा आजोबा


२४ मार्च

ती. आजोबा आणि नवीन सुरुंगवालीण आजी, सा. न.

ते मोजे माझे होते! सबंध कंपनीच्या घरच्यांनी ते पाहिले असणार. काही हरकत नाही.

घाईत लिहितेय, ट्रक सुरू झालाय. उरले चार मीटर. त्या दिवशी तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून मी बोलणारच नाही. सुरुंग उडेल, धूर निवला की मी जुन्या बोगद्यात पाय टाकीन, आमच्या सरळ रेषेपासून तुमची भिंत किती हटलीय ते मोजीन आणि कॅमेऱ्याकडे वळून आपली जुनी खूण करीन. मूठ म्हणजे फूट, बोट म्हणजे बोट. मोजणीसाहेबांनाही ती खूण येत असेलच.

छातीवर हात ठेवून बसा.
ठिणगी


२९ मार्च

चि. ठिणगीस, काय लिहू, सगळे आशीर्वाद कालच संपले, आज उसने घेऊन देतो.

दहालाच सगळे हजर. पंपवाला नव्या शर्टात, गाडेवाला काठीला धरून, मोजणीसाहेब हातांच्या खुर्चीत, मांडीवर वही. न्हावी दुकान बंद करून आला. शेजारचेही दोघे-तिघे आले. कॉम्प्युटरवाला खिडकीतून डोकावत होता, हिने त्याला आत बोलावून मुद्दाम निवृत्त कॉम्प्युटरच्या शेजारी उभं केलं.

अकराला चित्र हादरलं. आवाज मला आला नाही, पण खुर्चीच्या पायातून वर काहीतरी आलं असं वाटलं. इतक्या लांबून कसं येईल? पण आलं. मग पडदा पांढरा. शेजारचे म्हणाले की बिघडलं वाटतं, न्हावी उठून बटण शोधायला लागला. आम्ही चौघं म्हातारे तसेच बसलो. धूर निवायला अर्धा तास लागतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. बेचाळीस वर्षांपूर्वी असेच बसायचो आम्ही, ओळीने.

मग तू दिसलीस. तुझं हेल्मेट, त्यावर खडूने काढलेलं शून्य. तू भिंतीतून वाकून पलीकडे गेलीस, आमच्या बाजूला! फीत लावलीस, परत लावलीस. कॅमेऱ्याकडे वळलीस आणि मूठ वर केलीस.

एक फूट तर झालाच. आता दुसरी मूठ, तिसरी मूठ. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. आणि तू त्या मुठीत खोकलीस! पोरी, खोकायला दुसरा हात नव्हता का तुला?

मग मूठ उघडली. चार बोटं. अंगठा आत दुमडलेला. तू ती चार बोटं इतका वेळ धरून उभी राहिलीस की पंपवाल्याने मोठ्याने मोजली, दोनदा. चार बोटं! त्या काळ्या डोंगराच्या पोटात, कंदिलाच्या उजेडात, चार बोटं! न्हावी टाळ्या वाजवायला लागला. मी उठायला गेलो, पण गुडघ्याने ऐकलं नाही, बसूनच राहिलो.

मोजणीसाहेब म्हणाले, परत दाखवा. चित्र मागे नेता येतं हे मला माहीत नव्हतं, तुझ्या आजीने नेलं. त्यांनी तीनदा पाहिलं. मग वही उघडली. ते पान मी लांबून ओळखलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले की आमचं रेषा धरायचं यंत्र तेव्हा पाण्याच्या लोंढ्यात हललं असणार, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू. ओळ खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, प्रत्यक्ष चार बोटे, आणि पेन माझ्याकडे करून म्हणाले, सुरुंगवाल्याची सही हवी. मी सही केली. एवढी वाकडी सही जन्मात केली नव्हती. सरळ बोगद्याखाली वाकडी सही, चालायचंच.

जाताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. मग पंपवाला निघाला. दारातून ओरडला, येतो रे चार बोटं! म्हणजे नाव काही माझं मला परत मिळालेलं नाही, पण हे मी आनंदाने लावीन.

सहा वाजता मी सवयीने पेटीकडे निघालो तर तुझी आजी हात पुढे करून उभी. म्हणाली, आज शिफ्ट तिची. मेन तिने पाडला.

आता खरं काम. मला रात्रभर दोन गोष्टींनी छळलंय. एक, ती चार बोटं डावीकडे की उजवीकडे? डावीकडे असतील तर ती माझी, माझा हात तिकडेच ओढायचा. उजवीकडे असतील तर तुमची रेघ सरकली असेल, तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण खरं सांग. दुसरं, शेवटी तू परत जायला वळलीस आणि चित्र गोठलं, तेव्हा तुझ्यामागे डाव्या कोपऱ्यात काहीतरी उभं टेकून ठेवलेलं दिसत होतं. शेवटच्या दिवशी मी माझी पहार तिथे ठेवली होती. उद्या यायचंच आहे, कशाला घरी न्यायची, असं म्हणून. ती तीच आहे का? हिला दाखवलं तर ती म्हणते की ती सावली आहे. साहेब म्हणतात, पहार. मला डोळ्यांनी नीट कळत नाही.

तेव्हा बाई, जेवायच्या आधी, हात धुवायच्याही आधी, दोन ओळी खरड आणि पहिल्या निघणाऱ्या ट्रकमध्ये टाक. डावीकडे की उजवीकडे, आणि पहार की सावली. एवढंच लिहिलंस तरी चालेल. मी दाराशी खुर्ची टाकून बसलोय, लवकर कळव.

तुझाच
चार बोटं आजोबा